प्रश्न वाचकांचे : एकाच तापमानावर जंतूंचा शोध

एखाद्या जंतूच्या डीएनएमधील ठरावीक तुकडा एकाच तापमानावर ठेवून कोट्यवधी प्रतींपर्यंत वाढवायचा आणि त्या वाढीवरून तो जंतू नमुन्यात होता की नाही हे ठरवायचे, या पद्धतींना ‘समतापी प्रवर्धन’ म्हणतात. या विषयावर आलेल्या पत्रांतून या वेळी पाच प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे न देता केवळ त्यांचे काम आणि गाव दिले आहे.

प्रश्न : पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या रूढ पद्धतीत, नमुना दर फेरीत ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, कारण त्याशिवाय डीएनएचे दोन पेड वेगळे होत नाहीत, असे आम्हांला शिकवले आहे. मग ६५ अंशांवर, किंवा त्याहूनही कमी तापमानावर, हे पेड सुटतात कसे? आणि पीसीआरला दोन प्रायमर (प्रत काढणे जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) पुरतात, तर ‘लॅम्प’ या समतापी पद्धतीला चार का लागतात?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : पेड सोडवण्याचा उष्णता हा एकच मार्ग आहे, असा समज पीसीआर आधी शिकवल्यामुळे होतो. प्रत्यक्षात तुमच्या आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू ३७ अंशांवरच आपला सगळा डीएनए दुप्पट करत असतो आणि त्यासाठी त्याला कोणी उकळत नाही. त्याच्याकडे हेलिकेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते पेशीतली ऊर्जा खर्च करून पेड उलगडत पुढे सरकते, आणि सुटे झालेले पेड पुन्हा चिकटू नयेत म्हणून दुसरी प्रथिने त्यांना धरून ठेवतात. तापवून पेड सोडवणे ही माणसाने शोधलेली युक्ती आहे, आणि ती फार चांगली युक्ती आहे. कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ९५ अंशांवर पेड सोडवायचे, ५० ते ६० अंशांवर प्रायमर बसवायचे, ७२ अंशांवर प्रत काढायची, अशा तीस फेऱ्या झाल्या की गणिताप्रमाणे एका रेणूचे सुमारे १०७ कोटी रेणू होतात. मात्र या प्रत्येक फेरीत तापमान झपाट्याने आणि अचूक बदलणारे यंत्र लागते, आणि त्या यंत्राला अखंड वीजही लागते.

समतापी पद्धतींमध्ये पेड सोडवण्याचे काम उष्णतेकडून काढून विकरांकडे दिलेले आहे. ते काम कोणत्या विकराने कसे करायचे, यावरून या पद्धती वेगळ्या ठरतात. २००४ मध्ये मांडलेल्या एका पद्धतीत सरळ हेलिकेजच वापरले आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरपीए’मध्ये टी-४ या जीवाणुभक्षक विषाणूकडून घेतलेले रिकॉम्बिनेज नावाचे प्रथिन प्रायमरला वेढून बसते, जुळणारी जागा शोधत दुपेडी डीएनएवरून फिरते आणि जागा सापडली की तिथले पेड बाजूला सारून प्रायमर आत घालते. हे सगळे ३७ ते ४२ अंशांवर, दहा-वीस मिनिटांत होते. अंगाच्या उबेवर ही अभिक्रिया पूर्ण झाल्याचे प्रयोगही प्रसिद्ध आहेत.

आता लॅम्पकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. ही पद्धत जपानमध्ये विकसित झाली आणि तिचा मूळ शोधनिबंध २००० मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यातले पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची प्रत विणणारे विकर, ‘जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस’ या जीवाणूकडून घेतलेले आहे. वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह नीट चालतो आहे की नाही हे तपासण्यासाठी ज्याच्या बीजाणूंच्या पट्ट्या तुम्ही वापरल्या असतील, तोच हा जीवाणू. पीसीआरमधले टॅक पॉलिमरेज वाटेत दुसरा पेड आला तर त्याला ढकलत पुढे जात नाही, कुरतडते. लॅम्पमध्ये या दुसऱ्या पॉलिमरेजचा जो मोठा तुकडा वापरतात, त्यातून कुरतडणारा भाग काढून टाकलेला असतो. त्यामुळे ते नवा पेड विणत जाते आणि समोरचा जुना पेड उचलून बाजूला टाकत जाते. साठ-पासष्ट अंशांवर डीएनएचे पेड मधूनमधून क्षणभर सैल होतात आणि मिश्रणातले बीटेन हे रसायन त्याला मदत करते. त्या सैल जागेत पहिला प्रायमर शिरला की पुढे उष्णतेची गरज उरत नाही.

परंतु नुसते पेड ढकलून भागत नाही. प्रत तयार झाली तरी ती पुन्हा दुपेडीच असते आणि पुढच्या प्रायमरला बसायला मोकळी जागा पुन्हा हवी असते. चार प्रायमर याचसाठी लागतात. त्यांपैकी आतले दोन प्रायमर जोडप्रायमर आहेत: प्रत्येकाचा मागचा अर्धा भाग साच्यावर बसतो, आणि पुढे लोंबणारा अर्धा भाग असा योजलेला असतो की थोड्या अंतरावर जो नवा क्रम विणला जाणार आहे त्याच्याशी तो जुळावा. त्यामुळे नव्या पेडाचे टोक स्वतःवरच वळते आणि तिथे फासा तयार होतो. बाहेरचे दोन प्रायमर जरा मागून येऊन हा नवा पेड साच्यापासून सुटा करतात. दोन्ही टोकांना असे झाले की दोन बाजूंना फासे आणि मध्ये दांडा, अशी मुद्गलासारखी आकृती बनते. फाशातला डीएनए कोणाशीच जोडलेला नसतो, म्हणून तिथे प्रायमर केव्हाही बसू शकतो, आणि दांड्याचे मोकळे टोक स्वतःलाच प्रायमर म्हणून वापरून वाढत राहते. मोकळी जागा अशी अभिक्रियेतच पुन्हा पुन्हा जन्माला येते. मला या पद्धतीचे सर्वांत जास्त कौतुक वाटते ते याच गोष्टीचे.

यातून दोन परिणाम निघतात आणि ते परीक्षेपलीकडेही उपयोगाचे आहेत. चार प्रायमर मिळून लक्ष्याच्या सहा वेगवेगळ्या जागा ओळखतात आणि त्या सहाही जुळल्याशिवाय साखळी नीट सुरू होत नाही, म्हणून चांगल्या रचलेल्या लॅम्पमध्ये परका जंतू सहसा फसवत नाही. दुसरे असे की तयार होणारे रेणू एका लांबीचे नसतात. एकाच क्रमाच्या उलटसुलट जोडलेल्या लहानमोठ्या माळा बनतात. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर एकच पट्टी न दिसता शिडी दिसली तर प्रयोग बिघडला असे समजू नका. २००२ मध्ये फाशांवर बसणारे आणखी दोन प्रायमर सुचवले गेले. ते घातले तर वेळ निम्म्याहून कमी होतो, आणि तेव्हा प्रायमरांची संख्या सहावर जाते.

प्रश्न : आमच्या आरोग्य केंद्रात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी ट्रूनॅट यंत्रावर होते. ते लहान आहे आणि बॅटरीवर चालते. मग ती समतापी चाचणी समजायची का?
– आरोग्य सेविका, फोंडा, गोवा

उत्तर : नाही. ट्रूनॅट गोव्यात तयार होणारे यंत्र असल्याने तुमच्या मनात हा प्रश्न येणे साहजिक आहे. पण त्याच्या चिपवर होते ती पीसीआरच. चिप इतकी लहान आहे की तिला तापवायला आणि थंड करायला थोडीच ऊर्जा लागते, म्हणून बॅटरी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या चाचणीला मान्यता दिली. क्षयासाठीच वापरल्या जाणाऱ्या सीबीनॅट यंत्रातील काडतुसातही पीसीआरच होते.

क्षयरोगासाठी खरी समतापी चाचणी म्हणजे टीबी-लॅम्प. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये असे सुचवले की क्षयाची लक्षणे असलेल्या प्रौढांमध्ये सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीच्या जागी ती वापरता येईल. सूक्ष्मदर्शकाला क्षयाचे जंतू दिसायचे तर एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. लॅम्प त्याहून कमी जंतूंवर बोलते आणि एका तासाच्या आसपास निकाल देते. तिची मोठी उणीव ही की रिफाम्पिसिन या क्षयावरील औषधाला दाद न देणारा क्षय आहे की नाही हे ती सांगत नाही. ट्रूनॅटमध्ये त्यासाठी वेगळी चिप आहे आणि सीबीनॅटमध्ये ती तपासणी सोबतच होते. रुग्णाला पहिल्या दिवसापासून योग्य औषध मिळण्यासाठी ही माहिती अत्यंत मोलाची असते, म्हणून तुमच्या केंद्रात आहे ते यंत्र जुन्या तंत्राचे आहे असे कृपया मानू नका.

प्रश्न : माझ्याकडे संत्र्याची बाग आहे. काही झाडांची पाने चट्ट्याचट्ट्यांनी पिवळी पडत आहेत आणि शेंडे वाळत आहेत. कोणी जस्ताची कमतरता सांगतो, कोणी ग्रीनिंग. बागेतच करता येईल अशी डीएनए चाचणी निघाली आहे, असे कानावर आले. ती खरी आहे का, आणि मी ती करून घ्यावी का?
– संत्रा बागायतदार, वरूड, जि. अमरावती

उत्तर : चाचणी खरी आहे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ग्रीनिंगच्या जीवाणूसाठी आरपीए आणि कागदी पट्टी यांची सांगड घालणारी चाचणी प्रसिद्ध केली. पट्टीवर रेघ उमटते, गरोदरपणाच्या चाचणीत उमटते तशी. यंत्र लागते ते केवळ नळी कोमट ठेवण्यापुरते.

या रोगात अशा चाचणीचे महत्त्व अधिक का, ते सांगतो. ग्रीनिंगचा जीवाणू झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नलिकांतच राहतो आणि प्रयोगशाळेत नेहमीच्या माध्यमावर तो वाढत नाही. त्यामुळे ‘बशीत वाढवून पाहू’ हा जुना मार्ग इथे बंद आहे आणि डीएनए पाहण्यावाचून खात्रीचा उपाय नाही. डोळ्यांनी पाहून अंदाज बांधता येतो: जस्ताच्या कमतरतेत पानाच्या मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखा दिसतो, ग्रीनिंगमध्ये तो एकसारखा नसतो, एका बाजूला चट्टा आणि दुसरी बाजू हिरवी असे होते. परंतु ग्रीनिंग झालेल्या झाडात अन्नद्रव्यांची कमतरताही दिसते आणि दोन्ही एकाच फांदीवर असू शकतात, म्हणून पानाच्या रंगावरून झाड तोडण्याचा निर्णय घेऊ नये.

चाचणी कितीही चांगली असली तरी तुम्ही कोणते पान देता यावर निकाल अवलंबून आहे, आणि बागायतदारांना हे पुरेसे सांगितले जात नाही असे मला वाटते. हा जीवाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत तो भरपूर असेल आणि शेजारच्या फांदीत अजिबात नसेल. म्हणून झाडाच्या चारही बाजूंनी, चट्टे असलेल्या फांद्यांना प्राधान्य देऊन, पक्व पाने देठासकट घ्यावीत. पानाचा पसरट भाग फारसा कामाचा नाही. जीवाणू अन्ननलिकांत असल्यामुळे देठ आणि मध्यशीर यांतूनच डीएनए काढतात. कडक उन्हाळ्यात झाडातील जीवाणूंची संख्या घटते, त्यामुळे मे महिन्यात ‘नाही’ आलेला निकाल हिवाळ्यात ‘आहे’ येऊ शकतो. शक्य असेल तर पाऊस संपल्यानंतर, थंडी सुरू झाली की नमुना द्यावा. पाने कागदी पिशवीत, सावलीत ठेवून लवकर पोहोचवावीत आणि पिशवीवर झाडाचा क्रमांक लिहावा. क्रमांक न लिहिलेल्या दहा पिशव्यांतून एक निकाल ‘आहे’ आला, तर त्या निकालाचे तुम्ही काय करणार?

संत्र्याच्या पानांचा रस लॅम्प-आरपीएला पीसीआरइतका त्रास देत नाही. पानातील फिनॉलयुक्त पदार्थ टॅक पॉलिमरेजला सहज अडवतात, समतापी पद्धतींची विकरे त्यांना तुलनेने कमी दाद देतात, आणि म्हणूनच ढोबळ पद्धतीने काढलेल्या अर्कावर त्या चालतात. बागेत चाचणी करता येण्यामागे एका तापमानाइतकाच याचाही वाटा आहे.

आता करून घ्यावी का, याविषयी. ग्रीनिंग झालेले झाड बरे करणारे औषध नाही. चाचणीने झाड वाचणार नाही. वाचतील ती शेजारची झाडे, जर रोगी झाड वेळीच काढले आणि सायला किडीचा बंदोबस्त केला तर. रोग पसरतो तो या किडीमुळे आणि कलमांमुळे. तेव्हा हाताशी पैसा मर्यादित असेल, तर बागेतील प्रत्येक पिवळ्या झाडाची तपासणी करण्यापेक्षा ज्या मातृवृक्षावरून डोळे काढून जंबेरीच्या खुंटावर भरले जातात, त्या मातृवृक्षाची तपासणी होणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. एका रोगी मातृवृक्षावरून शेकडो कलमे जातात आणि रोपे विकत घेताना त्यांच्यावर एकही चट्टा नसतो. पुढच्या वेळी रोपे घ्याल तेव्हा रोपवाटिकेला हा एक प्रश्न अवश्य विचारा: डोळे कोणत्या झाडाचे, आणि ते झाड शेवटचे केव्हा तपासले?

प्रश्न : आमच्या दूध भुकटी प्रकल्पात साल्मोनेला या जंतूसाठी लॅम्पवर आधारित चाचणी घेण्याचा विचार चालू आहे. ‘एका तासात निकाल’ असे सांगितले जाते, पण सोबतच्या माहितीपत्रकात नमुना रात्रभर उबवायला सांगितले आहे. हा विरोधाभास कसा समजावा? आणि मेलेल्या जंतूंमुळे चाचणी ‘आहे’ दाखवील का?
– गुणवत्ता अधिकारी, जळगाव जिल्हा

उत्तर : विरोधाभास नाही, पण ‘एका तासात’ हे शब्द अर्धवट आहेत, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. एक तास हा प्रवर्धनाचा वेळ आहे, संपूर्ण तपासणीचा नव्हे.

साधा हिशेब करून पाहा. अट अशी असते की २५ ग्रॅम भुकटीत साल्मोनेला नसावा, म्हणजे एकही पेशी नसावी. तुम्ही २५ ग्रॅम भुकटी २२५ मिलिलिटर पोषक द्रवात मिसळता, म्हणजे साधारण २५० मिलिलिटर झाले. त्यात एकच जिवंत पेशी आहे असे धरू. अभिक्रियेच्या नळीत तुम्ही या द्रवातील पाच मायक्रोलिटर घालता. ती पेशी नेमकी त्या थेंबात येण्याची शक्यता पन्नास हजारांत एक! जगातील कोणतेही प्रवर्धन जे नळीत आलेच नाही ते वाढवू शकत नाही. म्हणून आधी ३७ अंशांच्या आसपास रात्रभर उबवून त्या एका पेशीच्या इतक्या पेशी होऊ द्यायच्या की कुठलाही थेंब घेतला तरी त्यात काही येतीलच. भुकटीतील पेशी कोरडेपणाने आणि उष्णतेने दुखावलेल्या असतात, त्यांना सावरायलाही हा वेळ लागतो. तरीही पारंपरिक पद्धतीला चार-पाच दिवस लागत असताना दुसऱ्या दिवशी निकाल मिळणे ही मोठी सोय आहे, आणि माल गोदामात अडकून राहण्याच्या खर्चाकडे पाहता तेवढ्यावरच ही चाचणी तुम्हांला परवडेल.

मेलेल्या जंतूंविषयीची तुमची शंकाही रास्त आहे. डीएनए पेशीपेक्षा जास्त काळ टिकतो, आणि भुकटी होताना मेलेल्या साल्मोनेलाचा डीएनए नळीत पोहोचला तर तोही वाढेल. व्यवहारात उबवण्याच्या टप्प्यामुळे ही अडचण बरीच कमी होते, कारण जिवंत पेशी अनेक पटींनी वाढतात आणि मेलेल्या आहेत तेवढ्याच राहतात, शिवाय मोठ्या द्रवात पातळ होतात. अधिक काटेकोर व्हायचे असेल तर प्रोपिडियम मोनोअझाइड हा रंग वापरतात: ज्या पेशींचे आवरण फुटले आहे त्यांच्यात तो शिरतो आणि प्रखर प्रकाश दिला की त्यांच्या डीएनएला घट्ट चिकटतो, मग तो डीएनए वाढू शकत नाही. दैनंदिन तपासणीत मी हा टप्पा सुचवणार नाही. तो नीट बसवायला वेळ लागतो. ‘आहे’ असा निकाल आला तर त्याच उबवलेल्या द्रवातून पारंपरिक पद्धतीने जंतू वाढवून खात्री करावी, आणि तोवर माल रोखून धरावा. म्हणून उबवलेला द्रव निकाल येईपर्यंत फेकून देऊ नये, ही सूचना तुमच्या कर्मचाऱ्यांना लेखी द्या.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत फिनॉल रेड घालून रंगबदलाची लॅम्प चाचणी बसवली. पहिले दोन आठवडे उत्तम चालली. आता नमुना न घालता केवळ पाणी घातलेली नळीसुद्धा गुलाबीची पिवळी होते. पाणी बदलले, तरी तेच. आमचे काय चुकते आहे?
– प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा

उत्तर : ‘पहिले दोन आठवडे उत्तम चालली’ या वाक्यावरून बहुधा निदान होते. तुमच्या प्रयोगशाळेत तुमच्याच आधीच्या प्रयोगांचा डीएनए पसरला आहे.

लॅम्पमध्ये तासाभरात एका रेणूपासून शंभर कोटींच्या घरात प्रती होतात. पंचवीस मायक्रोलिटरच्या नळीत शंभर कोटी प्रती, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये चार कोटी. झाकण उघडताना उडणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या तुषारात एका मायक्रोलिटरचा दहा हजारावा भाग असला, तरी त्यात चार हजार प्रती असतात. आणि तुमच्या चाचणीला नळी पिवळी करायला दहा-वीस पुरतात. हे तुषार पिपेटच्या दांड्यात, हातमोज्यांवर, बाकावर, पंख्याच्या पात्यांवर बसतात. यंत्र साधे असल्याने ही चाचणी कुठल्याही टेबलावर होते असे वाटते. पीसीआरच्या खोलीत असलेली शिस्त इथे ढिली पडते, आणि प्रती मात्र पीसीआरहून अधिक असतात. मी स्वतः उमेदवारीच्या काळात हे भोगले आहे: लॅम्पच्या नळ्या उघडून त्याच टेबलावर जेल चालवत असे, कारण शिडी पाहण्याची हौस होती. पुढचे तीन आठवडे एकही पाण्याची नळी स्वच्छ आली नाही.

तरीही आधी दुसऱ्या दोन कारणांची शहानिशा करून घ्या. फिनॉल रेडचा रंग आम्लतेवर बदलतो: डीएनएमध्ये प्रत्येक घटक जोडला जाताना एक हायड्रोजन आयन सुटतो, आणि मिश्रणातील बफर मुद्दाम अगदी क्षीण ठेवलेला असल्याने तेवढ्यानेही रंग पालटतो. उलट, पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल झाले असेल तर नळी आरंभीच केशरी दिसते, प्रवर्धन न होता. म्हणून तापवण्यापूर्वीचा रंग टिपून ठेवा. सगळ्या नळ्यांत पाणी घाला, काहींत पॉलिमरेज घालू नका. पॉलिमरेज नसलेली नळीही पिवळी झाली तर दोष रसायनांच्या आम्लतेचा आहे.

दुसरे कारण प्रायमरांचे. चार-सहा प्रायमर, तेही पीसीआरहून जास्त प्रमाणात, एका नळीत असले की ते कधीकधी एकमेकांवरच बसून वाढू लागतात. अशी खोटी वाढ सहसा उशिरा येते. खरा नमुना वीस-पंचवीस मिनिटांत पिवळा होत असेल आणि पाणी पाऊण तासानंतर, तर प्रायमरांवर संशय घ्या, आणि ठरवलेल्या वेळेनंतर नळ्या वाचूच नका. पाणीही नमुन्याच्याच सुमारास पिवळे होत असेल तर तो पसरलेला डीएनए आहे. तुमच्याकडे आधी पाणी स्वच्छ येत होते आणि प्रायमर तेच आहेत, म्हणून माझा कल पसरलेल्या डीएनएच्या शक्यतेकडे आहे.

उपाय कष्टाचा आहे, पण हमखास आहे. उघडलेली सगळी रसायने, प्रायमरांच्या पातळ केलेल्या कुप्यांसकट, टाकून द्या. कोणती दूषित आहे हे शोधण्यात जाणारा वेळ त्यांच्या किमतीहून जास्त असतो. बाक, पिपेट, रॅक, दारांच्या मुठी ताज्या, दहापट पातळ केलेल्या ब्लीचने पुसा, दहा मिनिटे ओले राहू द्या आणि मग पाण्याने पुसून काढा. केवळ अल्कोहोलने पुसून हे होत नाही. अल्कोहोल जंतू मारते, डीएनए नष्ट करत नाही. मिश्रण तयार करण्याची जागा, नमुना घालण्याची जागा आणि नळ्या तापवण्याची जागा वेगळ्या करा. तीन खोल्या नसतील तर निदान मिश्रण दुसऱ्या खोलीत, तिथेच राहणाऱ्या पिपेटने आणि तिथेच राहणाऱ्या डगल्याने करा. दिवसाचे काम नेहमी स्वच्छ जागेकडून अस्वच्छ जागेकडे जावे, उलट कधीही नाही. गाळणी असलेल्या टिपा वापरा. नवी रसायने आली की लगेच लहान लहान कुप्यांत वाटून ठेवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तापवून झालेली नळी पुन्हा उघडू नका. रंग बाहेरूनच दिसतो, रंगबदलाची पद्धत निवडण्याचे तेच तर कारण आहे. जेल चालवणे भागच असेल तर ते दुसऱ्या इमारतीत चालवा. वापरलेल्या नळ्या ऑटोक्लेव्हमध्येही घालू नका: वाफेच्या दाबाने झाकणे उघडतात, आणि त्या उष्णतेने डीएनएचे सगळे तुकडे नष्ट होतातच असे नाही. त्या बंदच ठेवून, दोन पिशव्यांत गुंडाळून जैववैद्यकीय कचऱ्यात द्या. पुढील खरेदीत डीयूटीपी आणि थंडीत राहणाऱ्या जीवाणूकडून घेतलेले यूडीजी विकर असलेले मिश्रण मिळाले तर ते घ्या: तुमच्या प्रत्येक प्रतीत थायमिनच्या जागी युरॅसिल येते, आणि पुढच्या प्रयोगात शिरलेली जुनी प्रत तापवण्यापूर्वीच यूडीजी तोडून टाकते. तापवले की ते स्वतः निकामी होते, त्यामुळे नव्या प्रतींना धोका राहत नाही. मात्र हे संरक्षण केवळ यापुढे तयार होणाऱ्या प्रतींपुरते आहे. आजवर पसरलेल्या डीएनएत युरॅसिल नाही, तो ब्लीचनेच काढावा लागेल.

हे सगळे झाल्यावर लगेच नमुने घेऊ नका. सलग तीन दिवस रोज आठ नळ्या फक्त पाण्याच्या लावा, त्यांपैकी दोन मिश्रणाच्या खोलीत बंद करा आणि सहा नमुन्याच्या जागेवर झाकणे काही मिनिटे उघडी ठेवून मग बंद करा. चोवीसही नळ्या गुलाबी राहिल्या की काम सुरू करा. आणि पिवळ्या झाल्याच, तर त्या कोणत्या जागेवर बंद केल्या होत्या ते पाहा, पुढची सफाई तिथून सुरू करायची आहे.